विम्याच्या दोन तारखा



वेळ थोडा आहे आणि मला सांगायचं आहे ते एकच, म्हणून ते आधीच सांगून टाकतो. तुमच्या दुचाकीच्या विम्याच्या कागदावर दोन तारखा असतात. एक थर्ड पार्टीची मुदत संपण्याची आणि दुसरी ओन डॅमेजची, म्हणजे ज्याला आपण ओडी म्हणतो, त्याची. हे भाषण संपलं की ती दुसरी तारीख काढून बघा. पुढे जे काही बोलणार आहे ते याच एका सांगण्यासाठी.

मी वाहनांच्या नुकसानीची पाहणी करणारा सर्व्हेअर आहे. अपघातातल्या गाड्या रोजच बघतो. पण जिचा अपघात झालेलाच नाही अशी गाडी समोर आली की जास्त वाईट वाटतं. मालकाने रात्री ती व्यवस्थित स्टँडवर लावलेली असते, हँडल लॉक केलेलं असतं. सकाळी खाली येऊन बघतो तर सीट या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरलेली, आतला स्पंज बाहेर, इंडिकेटर वायरीला लोंबतोय आणि हेडलाइटचा चुरा मडगार्डवर पडलेला. कुणाशी भांडण नाही, कुणाचं देणं नाही. गल्लीत दहशत बसावी म्हणून कोणीतरी कोयता फिरवत गेलं आणि याची गाडी वाटेत होती, एवढंच.

पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या लोकांना हे नव्याने सांगायला नको. जून 2015 मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात एका रात्रीत ऐंशीहून जास्त गाड्या जाळल्या गेल्या, बहुतेक दुचाकीच. दुचाकी एकमेकींना खेटून लावलेल्या असतात. एकीच्या टाकीने पेट घेतला की रांगच्या रांग जाते. अशी रांग जवळून बघा कधी. प्लॅस्टिकचं नावसुद्धा उरत नाही, इंजिनाचं ॲल्युमिनियम वितळून फरशीवर त्याचा थापा झालेला असतो. नंबरप्लेट गेलेली, म्हणून हँडलच्या मानेपाशी ठोकलेला चासी नंबर तारेच्या ब्रशने घासून वाचावा लागतो. त्या नंबरावरून कळतं की ही कोणाची होती.

नंबर जुळला की मी पॉलिसी मागतो. आणि मग तेच उत्तर येतं, जे ऐकून मला आज तुमच्यासमोर बोलावंसं वाटलं. ‘साहेब, विमा आहे ना! पाच वर्षांचा काढलाय शोरूममध्येच.’

पाच वर्षांचा आहे, खरं आहे. पण कशाचा? सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं जे नुकसान होईल त्याची भरपाई. तुमच्या स्वतःच्या गाडीला त्यातून एक रुपया मिळत नाही. स्वतःच्या गाडीसाठी ओडी. मधल्या काळात ओडीही पाच वर्षांचा मिळत असे, पण 1 ऑगस्ट 2020 पासून ती लांब मुदतीची पॅकेज पॉलिसी बंद झाली. तेव्हापासून शोरूममधून गाडी निघते ती बहुतेक पाच वर्षांच्या थर्ड पार्टीसह आणि फक्त एका वर्षाच्या ओडीसह. दोन्ही एकाच कागदावर. मोठ्या अक्षरात डोळ्यात भरते ती पाच वर्षांची तारीख. एक वर्षाची तारीख शेजारच्या चौकटीत असते, ती कोणी बघत नाही. वर्ष संपतं, ओडी संपतो, आणि पुढची चार वर्षं माणूस निर्धास्त फिरतो.

घरातली लोणच्याची बरणी डोळ्यांसमोर आणा. कैरीच्या फोडी आहेत, मसाला आहे, वर तेलाचा थर आहे. तोंडाला स्वच्छ दादरा बांधलाय. फडताळात बरणी दिसते भरलेली. पण लोणचं टिकतं ते वरच्या तेलामुळे. तेल खाली गेलं, फोडी उघड्या पडल्या, की बुरशी आलीच. आणि हे बाहेरून कळत नाही, दादरा सोडून आत बघावं लागतं. तुमचा ओडी म्हणजे ते वरचं तेल. पाच वर्षांचा थर्ड पार्टी म्हणजे भरलेली दिसणारी बरणी. तेल वर्षाच्या वर्षाला बघून घालावं लागतं, एकदा घातलं आणि पाच वर्षं विसरलो असं चालत नाही. आपल्या आया-आज्यांना हे कोणी शिकवायला लागलं नाही, आणि आपण मात्र ऐंशी-नव्वद हजारांच्या गाडीचा दादरा चार-चार वर्षं सोडून बघत नाही!

कोणी म्हणेल, ‘पण ट्रॅफिक पोलिसांनी कागद बघितले, काही बोलले नाहीत.’ कसे बोलतील? मोटार वाहन कायद्याच्या कलम 146 ला हवा आहे तो थर्ड पार्टी विमा. तो नसेल तर पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड. ओडीची सक्ती कायदा करत नाही, म्हणून तो कोणी विचारत नाही. पोलिसांनी सोडलं याचा अर्थ तुमची गाडी सुरक्षित आहे असा धरू नका.

दुसरा आक्षेप पैशाचा. 75 ते 150 सीसीच्या नव्या गाडीला पाच वर्षांच्या थर्ड पार्टीचे 3,851 रुपये, कर वेगळा, हे 1 जून 2022 पासूनच्या दरपत्रकाप्रमाणे आपण सुरुवातीलाच भरलेले असतात. ‘आता परत कशाला?’ असं वाटतं. पण साध्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीच्या ओडीचा वर्षाचा हप्ता बहुतेक हजार-पंधराशेच्या आत-बाहेर असतो. चिरलेली सीट, फुटलेला हेडलाइट आणि चेपलेली टाकी यांचं बिल यापेक्षा किती मोठं होतं ते तुमच्या मेकॅनिकला विचारा. आणि ज्या कंपनीचा थर्ड पार्टी आहे तिच्याकडूनच ओडी घ्यायला हवा असंही नाही. 1 सप्टेंबर 2019 पासून नुसता ओडी वेगळा, कोणत्याही कंपनीचा घेता येतो. मुदत उलटून गेली असेल तर कंपनी आधी गाडीची तपासणी करेल, फोटो मागेल. देऊन टाका. त्याचा कंटाळा करू नका.

ओडी असेल तर काय मिळतं? आग, चोरी, दंगल, संप, पूर आणि कोणी मुद्दाम केलेली नासधूस, हे सगळं मूळ पॉलिसीतच आहे. तोडफोडीसाठी वेगळं काही घ्यावं लागत नाही. अनेकांना वाटतं की विमा फक्त अपघाताचा. तसं नाही. उभ्या गाडीची रात्री कोणी मोडतोड केली तरी तो दावा होतो.

मात्र काही गोष्टी आधीच माहीत असू द्या, म्हणजे नंतर सर्व्हेअरवर चिडणार नाही. फक्त टायर फाडले असतील आणि बाकी गाडीला काही झालं नसेल, तर टायरचे पैसे मिळत नाहीत. गाडीचंही नुकसान झालं असेल तर टायरची निम्मी किंमत. गाडी जागेवर आहे आणि वरून बसवलेल्या वस्तू तेवढ्या चोरून नेल्या, तर साध्या पॉलिसीत तेही बसत नाही. प्लॅस्टिक, रबर, बॅटरी यांवर 50 टक्के घसारा कापला जातो. धातूच्या भागांवर वयाप्रमाणे, दोन ते तीन वर्षांच्या गाडीला 15 टक्के, पाच वर्षांवर 40. आता स्कूटर बघा, अंगावर किती प्लॅस्टिक आहे! म्हणून गाडी नवी असताना झिरो डेप्रिसिएशनचं, म्हणजे घसारा न कापण्याचं, जोडकलम घेणं फायद्याचं पडतं. गाडी पार जळाली, दुरुस्तीचा खर्च घोषित किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला, तर ती पूर्ण नुकसानीत धरतात. म्हणून हप्ता कमी व्हावा यासाठी आयडीव्ही पाडून घेऊ नका. जाळपोळीत त्याचाच फटका बसतो.

आता सकाळी असं काही दिसलं तर करायचं काय. पहिली गोष्ट, गाडी हलवू नका आणि लगेच मेकॅनिककडे नेऊ नका. तिथेच फोटो काढा. एक पूर्ण गाडीचा, नंबरप्लेट दिसेल असा. मग प्रत्येक नुकसानीचा जवळून. शेजारच्या फुटलेल्या गाड्याही त्यात येऊ द्या, कारण त्यावरून नासधूस होती, गाडी पडून झालेलं नुकसान नव्हतं, हे स्पष्ट होतं. दुसरी गोष्ट, सोसायटीच्या किंवा समोरच्या दुकानाच्या सीसीटीव्हीचं चित्रण त्याच दिवशी मागून घ्या. ते काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, मग कोणाचाच इलाज नसतो. तिसरी गोष्ट, 112 ला फोन करा आणि ठाण्यात जाऊन लेखी तक्रार द्या. नुकसान थोडं असेल तर बहुतेक अदखलपात्र नोंद होईल, जिला आपण एनसी म्हणतो. जाळपोळ असेल तर मात्र तो दखलपात्र गुन्हा आहे, तिथे एफआयआर आणि पंचनामा दोन्हींची प्रत घ्या. ‘एनसीने काय होणार’ म्हणून मोकळ्या हाताने परत येऊ नका. कंपनीला लेखी नोंद लागते, आणि ती त्याच दिवसाची असली तर कोणी शंका घेत नाही. चौथी गोष्ट, कंपनीला त्याच दिवशी कळवून दाव्याचा क्रमांक घ्या. पाहणी होईपर्यंत काही बदलू नका, आणि बदललेले जुने भागही टाकून देऊ नका. अनेकजण हौसेने आधी गाडी चकाचक करून घेतात आणि मग मला बोलावतात. मग मी बघू काय?

दावा करावा की करू नये, हेही विचारतात. दावा केला नाही तर पुढच्या वर्षी ओडीच्या हप्त्यात सूट मिळते, 20 टक्क्यांपासून चढत पाचव्या वर्षी 50 पर्यंत. दावा केला की ती शून्यावर येते. बरणीत उठसूट ओला चमचा घालू नये, हे बरोबरच. चारशे रुपयांच्या आरशासाठी दावा करू नका. पण हिशेब तरी घाला! बाराशेच्या हप्त्यावर 50 टक्के सूट म्हणजे वर्षाला 600 रुपये. तेवढ्यासाठी आठ हजारांचं नुकसान सोसणारे लोक मी बघतो, तेव्हा त्यांना हात धरून बसवावंसं वाटतं. लोणचं खाण्यासाठीच घातलेलं असतं. आणि हेही लक्षात असू द्या की ओडीची मुदत उलटून 90 दिवस गेले तर जमलेली सूट दावा न करताच जाते. म्हणजे परत तीच गोष्ट. दुसरी तारीख.

कंपनीने दावा नाकारला तर गप्प बसायचं नाही. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल आहेत, मुंबईत आणि पुण्यातही कार्यालय आहे. फी लागत नाही, वकील लागत नाही. त्यांच्याकडे अर्ज कसा करायचा, कोणते कागद जोडायचे, यावर बोलण्यासारखं खूप आहे, पण समोरची काच वाजवून मला वेळ संपल्याची खूण झाली आहे, म्हणून ते राहू द्या.

जाता जाता एवढंच. घरात मुलाची गाडी असेल, कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलाची असेल, दारावर पार्सल घेऊन येणाऱ्या पोराची असेल, तर त्यालाही विचारा, ‘बाळा, ओडी चालू आहे का?’ त्या पोराची गाडी गेली तर त्याची कमाईच थांबते. आणि तारीख बघाल तेव्हा तिच्या पुढची वेळही बघा. पॉलिसी संपते ती त्या दिवशी रात्री 11 वाजून 59 मिनिटांनी. तोडफोड करणारे येतात ते त्यानंतरच. म्हणून शेवटच्या दिवसाची वाट बघू नका, आठ दिवस आधी हप्ता भरून टाका.