पापनाशमचं कपाट आणि कार्तिकातला पाऊस

तंजावर आणि कुंभकोणम यांच्या मध्ये, कावेरीच्या खोऱ्यात पापनाशम आहे. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावरला राज्य स्थापलं, तेव्हापासून या मुलखात मराठी घरं आहेत. महाराष्ट्रात पावसाळा सरला की दसरा-दिवाळीला कपाट आवरतात. पापनाशमला ही वेळ चुकीची ठरते, कारण तिथला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे ऐन दिवाळीच्या आसपास पडतो. दिवाळीच्या साड्या दमट कपाटात कोंबल्या, तर रेशमाला बुरशी धरते आणि जर काळवंडते. म्हणून सप्टेंबरमध्येच कपाट पूर्ण रिकामं करावं, कपडे सावलीत वाऱ्यावर टाकावेत आणि काय वापरात आहे ते पाहूनच खरेदीची यादी करावी.

कुणी म्हणेल, प्लास्टिकच्या पिशवीत साडी सुरक्षित राहते. धूळ लागत नाही हे खरं, पण आत अडकलेला ओलावा बाहेर पडत नाही. धुतलेलं सुती कापड केव्हाही बरं. जवळच्या तिरुभुवनमच्या रेशमी साड्यांना 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. एवढ्या मेहनतीचं वस्त्र एकाच घडीवर वर्षानुवर्षं ठेवलं, तर त्या रेषेवरच विरतं. डांबरगोळ्याही जरीला टेकू देऊ नयेत. नेसणं होत नाही म्हणून साडी टाकून द्यावी, हे मात्र पटत नाही. ती नात्यातल्या नेसणाऱ्या मुलीला द्या. यंदा नवी साडी घेण्याआधी जुन्यांच्या घड्या तेवढ्या बदला.