अश्वारोहण आणि आपली तरुण पिढी
(नालवाडी येथील ज्ञातिमेळाव्यात केलेल्या भाषणावरून)



पूज्य विनोबाजी १९३२ ते १९३८ या काळात ज्या नालवाडीत राहिले, तेथे आम्ही घोड्याची तरफदारी करावी हे कित्येकांस विसंगत वाटेल. त्यांनी तर पुढे १९५१ पासून भूदानासाठी देश पायी पालथा घातला. शिवाय घोडा म्हणजे श्रीमंतांचा षोक, हा समज घरोघर आहेच. त्या समजाविषयीच दोन शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

मराठ्यांच्या घोडदळात शिलेदार आणि बारगीर असे दोन प्रकारचे स्वार असत. शिलेदार स्वतःचा घोडा आणी. बारगिरास तो सरकारी पागेतून मिळे. म्हणजे ज्याच्या दारी घोडा नाही असा कुणब्याचा पोरही स्वार होऊ शके. आपण ही बारगिराची वाट विसरलो, आणि शिलेदारी परवडत नाही म्हणून घोड्याचेच नाव टाकले. आज आपल्या मुलांचा घोड्याशी संबंध येतो तो वरातीच्या दिवशी. आणि तेव्हाही लगाम दुसऱ्याच्याच हाती!

अश्वारोहणाने शरीर कणखर होते हे खरेच; परंतु शिक्षक या नात्याने आम्हांस त्याचे मोल निराळे वाटते. घोडा घोकंपट्टीने वश होत नाही. डाव्या बाजूने रिकिबीत पाय घालून चढावे, टाच खाली दाबावी, मांड पक्की ठेवावी, हात हलका असावा, हे कोणीही पाठ म्हणून दाखवील. दुडकी चाल सुरू झाली की ते सारे पाठांतर गळून पडते. भ्यालेला मुलगा लगाम ओढून धरतो आणि त्या ओढीने जनावर अधिकच बिथरते. मन शांत झाल्यावाचून हात सैल होत नाही. स्वारी संपल्यावर खरारा करणे, खूर साफ करणे, पाणी दाखविणे ही कामेही त्यानेच करावयाची. ती मोतद्दारावर सोपविणाऱ्यास आम्ही स्वार म्हणणार नाही. शिरस्त्राण मात्र अवश्य हवे. या विद्येत पडणे हे आलेच.

मुलींना वगळण्याचे तर कारणच नाही. पोलिओने गुडघ्याखाली पाय अधू झालेल्या डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, पुरुषांच्या बरोबरीने उतरून, ड्रेसाज या अश्वकौशल्याच्या प्रकारात रौप्यपदक मिळविले. त्याच प्रकारात २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने सांघिक सुवर्णपदक जिंकले. त्या चौघांत सुदीप्ती हजेला व दिव्यकृती सिंह या दोन मुली होत्या, आणि हृदय छेडा हा मुंबईचा तरुण होता.

बारगिराची वाट आजही अगदी बुजलेली नाही. डॉ. मुंजे यांनी १९३७ मध्ये नाशकास काढलेल्या भोसला सैनिकी शाळेत हे शिक्षण मिळते, एन.सी.सी.च्या रिमाउंट व व्हेटरिनरी पथकांतही मिळते. परंतु येथील प्रत्येक मूल तेथवर कसे पोहोचणार?

म्हणून आमची सूचना अशी की, मंडळानेच एक लहानशी पागा ठेवावी. उंची घोडे नकोत; भीमथडीसारखी काटक तट्टे दोन असली तरी आरंभास पुरेत. शिकविण्यास निवृत्त स्वार पाहावा. नालवाडीच्या आसपास कोणी विहिरीलगतची मोकळी जागा देऊ करीत असल्यास त्यांनी सभेनंतर चिटणीसांस भेटावे. पहिल्या वर्षाचा हरभरा आम्ही आमच्या पेन्शनीतून घालू.