पात्रतेचा आठवडा

श्रोतेहो, शर्यत म्हटली की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांसमोर बैलगाड्या उभ्या राहतात. आज मी बोलणार आहे ती शर्यत मोटारगाड्यांची. अमेरिकेत फ्लॉरिडा राज्यातील डेटोना बीच येथे दर फेब्रुवारीत होणारी. ५०० मैलांची ही शर्यत रविवारी असते. परंतु तिचा खरा शौकीन बुधवारपासूनच जागा होतो, कारण रविवारी कोणी धावावयाचे याचा निर्णय त्या दिवसांत लागतो.

पूर्वी येथे समुद्रकाठच्या वाळूवरच मोटारी धावत. १९४८ साली बिल फ्रान्स यांच्या पुढाकाराने ‘नॅस्कार’ ही संस्था निघाली आणि १९५९ मध्ये त्यांनीच उभारलेला अडीच मैलांचा मार्ग खुला झाला. त्याची वळणे ३१ अंशांनी कललेली आहेत. त्या चढणीसाठी माती मधल्या मैदानातून खणून काढली. त्या खड्ड्याचे आता तळे झाले आहे. ‘स्टॉक कार’ म्हणजे मुळात दुकानात मिळणारी साधी मोटार. आज ते साधेपण बाह्य आकारापुरते, आणि तेही ओढूनताणूनच, उरले आहे.

बुधवारी रात्री एकेक गाडी एकटीच धावते व घड्याळ तिची परीक्षा घेते. १९८७ साली बिल इलियट यांनी या परीक्षेत ताशी २१०.३६४ मैलांचा वेग गाठला होता. त्याच वर्षी टॅलडेगाच्या मार्गावर बॉबी ॲलिसन यांची गाडी उडून प्रेक्षकांपुढील जाळीवर आदळली. तेव्हा १९८८ पासून इंजिनाला मिळणारी हवा आवळून वेग रोखण्यात आला. अलीकडे पहिल्या येणाऱ्या गाडीचा वेग १८० मैलांहून थोडासाच अधिक असतो.

या परीक्षेतून पहिल्या रांगेतील दोन जागा तेवढ्या ठरतात. बाकीचा क्रम गुरुवारी, १५० मैलांच्या दोन शर्यतींत लागतो. याचे कारण असे की, येथे एकटी गाडी कितीही वेगवान असली तरी मागे पडते. एकीच्या मागे दुसरी चिकटून धावली म्हणजे वाऱ्याचा अडसर कमी होतो व दोघींचाही वेग वाढतो. म्हणून प्रतिस्पर्ध्यावाचून कोणाचेच चालत नाही. मात्र तो आपल्याला केव्हा सोडून जाईल याचा भरवसा नसतो. मैदानात निवासी गाड्या लावून राहिलेले शौकीन कानाला यंत्र लावून चालक व त्याचे साहाय्यक यांचे बोलणे ऐकत असतात. या अर्थी तेही श्रोतेच.

डेल अर्नहार्ट यांनी १९९० ते १९९९ अशी सलग दहा वर्षे गुरुवारची आपली शर्यत जिंकली. रविवारची मात्र त्यांना एकदाच, १९९८ साली, विसाव्या प्रयत्नात साधली. त्या दिवशी सर्व संघांचे लोक रांगेने उभे राहून त्यांचा हात हाती घेत होते. २००१ साली त्याच शर्यतीच्या शेवटच्या फेरीत त्यांचा अंत झाला.

परंतु माझे लक्ष असते ते यादीच्या शेपटाकडे. २०१६ पासून ३६ गाड्यांना सनदेने जागा मिळते. उरलेल्या संघांसाठी साधारणतः चारच जागा राहतात: दोन बुधवारच्या वेगावर, दोन गुरुवारच्या शर्यतींतून. आम्हां शिक्षकांना हे चित्र परिचयाचे आहे. वर्ग जवळजवळ भरलेला, आणि दाराशी प्रवेशपरीक्षेला आलेली मुले उभी. वर्षभर घातलेला पैसा आणि मेहनत त्या एका रात्रीवर टांगलेली असते.

२०२४ साली या दाराशी जिमी जॉन्सन उभे होते. सात वेळा अजिंक्यपद मिळविलेले, ही शर्यत २००६ व २०१३ मध्ये जिंकलेले! त्यांच्यापुढे जे. जे. येली होते. शेवटच्या फेरीत जॉन्सन पुढे सरकले आणि जागा त्यांची झाली. फ्लॉरिडात तेव्हा गुरुवारची रात्र होती, आपल्याकडे शुक्रवार उजाडला होता. मुख्य शर्यतीत येलींची गाडी मार्गावर नव्हती.