डिकीतली पेटी
(आमच्या सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

 

आज आम्ही पापड-लोणच्याची पाककृती सांगणार नाही. लोणचं करणं तुम्हाला आम्ही काय शिकवायचं? आज बोलायचं आहे ते लोणचं बाजारात धडपणे पोचवण्याबद्दल. मोटारीच्या डिकीत आम्ही आमच्या हातांनी लाकडी पेट्या बसवल्या. त्या का बसवल्या, कशा बसवल्या आणि काय काय चुकलं, ते सगळं सांगतो.

आमचं गाव वाई तालुक्यातलं. गटात आम्ही बाराजणी. लोणचं, चटण्या, पापड असा माल करतो आणि पसरणीचा घाट चढून पाचगणीला नेतो. तिथे पर्यटक येतात, काचेच्या बरणीतलं घरचं लोणचं आवडीनं घेतात. पूर्वी एसटीनं जायचो. मग आमच्यातल्या एकीच्या दिरानं जुनी छोटी मोटार घेतली. भाऊजींनी सांगितलं, पेट्रोल तुमचं, गाडी न्या. आमच्यातली धाकटी सून गाडी चालवायला शिकलेली, तिच्याकडे लायसन्सही होतं. आम्हाला वाटलं, आता चिंता मिटली.

पण डिकीत माल कसा भरत होतो? बरण्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, मध्ये जुन्या साड्यांचे तुकडे. त्यावर पापडांच्या पिशव्या. त्यावर ताडपत्री. अगदी वर, सीटच्या पाठीच्याही वर, तराजू आणि लोखंडी मापांची पिशवी. का, तर बाजारात ती आधी लागते म्हणून. चढताना सगळं मागे घसरायचं. वर जाऊन डिकीचं दार उघडलं की पहिलं खोकं अंगावर यायचं. एकजण दार उघडायची आणि दुसरी हात पसरून उभी राहायची. आम्ही हसायचो त्यावर.

एक दिवस हसू पळालं. बाजार मंदा होता, बऱ्याच बरण्या परत आणत होतो. घाट उतरताना वळणावर समोर गुरं आली. धाकटीनं करकचून ब्रेक दाबला. गुरं वाचली, गाडी जागेवर थांबली, पण डिकीतला माल काही थांबला नाही. मापांची पिशवी सीटवरून पुढे आली आणि दोन किलोचं माप आमच्या एका मावशींच्या खांद्यावर आदळलं. चार बोटं इकडे असतं तर डोक्यात बसलं असतं. हाड मोडलं नाही, पण दीड महिना मावशींना पाण्याची कळशी उचलता आली नाही. मागे २६ बरण्या फुटल्या. एक बरणी १५० रुपयांची, म्हणजे ३,९०० रुपये गेले. डिकीभर तेल, मसाला आणि काचा.

त्या रात्रीच्या बैठकीत कोणी कोणाकडे बघेना. एकजण म्हणाली, गाडी नकोच, एसटीच बरी. धाकटी रडायला लागली. तिला वाटलं, चूक आपलीच. तेव्हा दुखरा खांदा धरून मावशीच बोलल्या, "पोरीनं ब्रेक मारला म्हणून आपण बसलोय इथं. चूक भरण्यात झाली. भरली कुणी? आपण सगळ्यांनी."

मैत्रिणींनो, खरी गोष्ट हीच आहे. गाडी थांबते तेव्हा ब्रेकनं चाकं थांबतात. आत मोकळं ठेवलेलं सामान गाडीच्या वेगानंच पुढे जात राहतं. साधा हिशेब सांगतो. गाडी ताशी ५० किलोमीटरनं चाललीय आणि कशाला तरी धडकून एका मीटरच्या आत थांबली, तर मोकळी वस्तू तिच्या वजनाच्या सुमारे दहापट जोरानं पुढे येते. म्हणजे दोन किलोचं माप वीस किलोच्या धोंड्यासारखं. आमचा तर नुसता ब्रेकच होता. तरी एवढं झालं.

मग ठरलं की डिकीत प्रत्येक वस्तूला तिची जागा हवी, आणि ती जागा गाडीला बांधलेली हवी. गावातले सुतारमामा लग्नसराईच्या कामात होते. ते म्हणाले, "हत्यारं देतो, दाखवतो, करा तुम्ही." प्लायवुडच्या दुकानात माप दिलं की मशीनवर पाट्या कापून मिळतात, हेही त्यांनीच सांगितलं.

आता आमची पहिली चूक ऐका. आम्ही डिकीच्या आत टेप लावला. डिकीत दोन्ही बाजूंना चाकांचे उंचवटे असतात. त्यांच्यामधलं अंतर भरलं ३८ इंच. आम्ही साडेसदतीस इंच रुंदीची एकच मोठी पेटी केली. रंधा मारला, घासली, अगदी देखणी झाली. चौघींनी उचलून नेली, तर दारातून आतच जाईना! आत ३८ इंच, पण डिकीचं तोंड खाली साडेछत्तीसच होतं. शेजारची पोरं दात काढत होती. शेवटी पेटी उकलली, पाट्या पुन्हा कापल्या आणि एकीच्या दोन केल्या.

म्हणून आधी तोंड मोजा, मग पोट मोजा. मागचं दार बंद करूनही बघा, कारण दार वरती आत कलतं आणि पेटीच्या वरच्या कडेला अडतं. आणि सगळ्यात सोपं म्हणजे, लाकूड आणण्याआधी किराणा दुकानातले पुठ्ठे चिकटवून पुठ्ठ्याचीच पेटी करा आणि डिकीत ठेवून दार लावून बघा. पुठ्ठा फुकट जातो, प्लायवुड जात नाही.

दोन पेट्या झाल्या ते एका अर्थी बरंच झालं. एक पेटी १८ इंच रुंद, २१ इंच खोल, १५ इंच उंच. दोघींना रिकामी सहज उचलता येते. दोन्ही पेट्या १२ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडच्या आहेत. आठ बाय चारच्या एका पूर्ण शीटमध्ये दोन्ही बसल्या. जास्त जाड प्लाय घेऊ नका. १२ मिलिमीटरचं एक शीटच वीस-पंचवीस किलो भरतं. लाकडाचंच ओझं वाढलं तर माल कुठे न्यायचा? सांध्यांना गोंद लावून स्क्रू मारले, कोपऱ्यांना आतून लोखंडी कोनपट्ट्या लावल्या. नुसते खिळे मारू नका, रस्त्याच्या हादऱ्यानं ते ढिले होतात.

डावी पेटी बरण्यांची. औषधांच्या खोक्यात पुठ्ठ्याची जाळी असते ना, बाटल्या एकमेकींना लागू नयेत म्हणून? तशीच जाळी आम्ही पातळ प्लायच्या पट्ट्यांना खाचा पाडून, एकमेकींत अडकवून केली. चार रांगा, पाच ओळी, एका थरात वीस बरण्या. वर एक फळी, त्यावर दुसरा थर. एका पेटीत ४० बरण्या. प्रत्येक घराच्या तळाला जुन्या गोधडीचा तुकडा. भरलेली पेटी चाळीस किलोच्या आसपास जाते, म्हणून ती आधी डिकीत ठेवायची आणि मग बरण्या भरायच्या. भरलेली पेटी उचलायचा हट्ट धरू नका, कंबर धरेल.

उजव्या पेटीत खाली तराजू आणि मापं. मापांसाठी घट्ट बसणारा, झाकणाला कडी असलेला कप्पा. आता ती सीटच्या वर कधीच जात नाहीत. त्यावरच्या कप्प्यात ताडपत्री, पिशव्या, पावतीपुस्तक. पापड सगळ्यात वर, कारण ते हलके.

पेट्या जागेवर राहाव्यात म्हणून खाली रबरी चटई घातली आणि मागच्या सीटच्या पाठीला पेट्या अगदी टेकवल्या. बाजूला उरलेल्या फटीत गोधडी कोंबली. नुसतं एवढं पुरत नाही, बांधावं लागतंच. आमच्या गाडीत सामान बांधायच्या कड्या नव्हत्या. भाऊजी म्हणाले, ड्रिल मारून टाकू. आम्ही नाही म्हटलं आणि गॅरेजमध्ये विचारलं. मिस्त्रीनं गाडी उचलून दाखवलं, तर डिकीच्या पत्र्याखालून वायरी आणि नळ्या गेलेल्या, पुढे पेट्रोलची टाकी. आपण घरी भोक पाडलं असतं तर काय झालं असतं? त्यानं योग्य जागा बघून, खालून जाड वायसर लावून चार कड्या बसवून दिल्या. त्यांत खटक्याचे दोन पट्टे ओवले. ट्रकवाले वापरतात, खटका मागेपुढे केला की आवळत जातो, तो पट्टा. ट्रॅक्टरच्या ट्यूबच्या पट्ट्या आम्ही आधी वापरून पाहिल्या. त्या ताणतात, म्हणून वरचं हलकं सामान दाबून ठेवायला चांगल्या, पण जड पेटी धरायला नाहीत. आणि बसणाऱ्या माणसाचा सीटबेल्ट सामान बांधायला वापरू नका. तो माणसासाठी आहे. मागे बसणाऱ्या आम्हीही आता तो लावतो.

दुसरी चूक घाईची. पेट्यांना ऑइलपेंट लावला आणि तिसऱ्या दिवशी पापड भरले. बंद डिकीत, उन्हात. पाचगणीला पोचेपर्यंत पापडांना रंगाचा वास! ते विकले नाहीत, परत आणले. रंग दिल्यावर पेट्या आठ-दहा दिवस झाकण उघडं टाकून वाऱ्या-उन्हात ठेवा. वास पूर्ण गेला की नाही ते नाक लावून बघा. पापड-मसाले झाकणाच्या डब्यातच ठेवा.

स्टेपनीचंही सांगायला हवं. आमच्या गाडीत ती डिकीच्या तळाखाली आहे. घाटात पंक्चर झालं आणि वर चाळीस बरण्या असल्या तर? म्हणून जॅक आणि पाना आम्ही बाजूच्या खणात आणला. पेट्यांना दोरीचे कान लावले. पंक्चर झालंच तर आधी वरचा थर काढायचा, मग चौघींनी पेटी उचलायची. अंगणात एकदा करून बघितलं, पंधरा मिनिटं लागली. तुम्हीही अंगणातच करून बघा, रात्री रस्त्यावर नको.

ज्यांच्या गाडीच्या डिकीत सीएनजीची टाकी आहे, त्यांनी तर जास्तच जपा. टाकीला काही बांधायचं नाही, तिच्याजवळ भोक पाडायचं नाही, तिची चावी आणि नळी पेटीनं झाकायची नाही. वेळ पडली तर चावी हाताला लगेच लागली पाहिजे.

कायद्याचंही थोडं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या कागदावर गाडीची जी माहिती आहे, तिच्याशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही. मागची सीट कायमची काढून जागा करू, असं आमच्यातही कोणी सुचवलं होतं. पण किती माणसं बसतात हे त्या कागदावर लिहिलेलं असतं, म्हणून आम्ही ते केलं नाही. आमच्या पेट्या काढता-घालता येतात. गुरुवारी पेट्या, रविवारी भाऊजींची पोरं. आणि पांढऱ्या पाटीच्या खाजगी गाडीतून भाडं घेऊन दुसऱ्याचा माल नेऊ नका.

ओझ्याचंही भान ठेवा. चार बाया आणि माल मिळून गाडीवर किती वजन चालतं, ते गाडीच्या माहितीपुस्तकात बघा. चाकांत हवा किती हवी, ते बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराशी चिकटवलेल्या कागदावर असतं. भरलेल्या गाडीसाठी मागच्या चाकांची हवा बऱ्याचदा वेगळी दिलेली असते. सामान सीटच्या पाठीपेक्षा उंच जाऊ देऊ नका. म्हणजे पुढेही येत नाही आणि आरशातून मागचा रस्ताही दिसतो.

खर्च विचाराल. प्लाय, स्क्रू, कोनपट्ट्या, रंग, पट्टे आणि गॅरेजची मजुरी धरून आमचे ३,४०० रुपये गेले. त्या एका दिवसात फुटलेल्या बरण्यांपेक्षा पाचशे रुपये कमी. पैसे गटाच्या खात्यातून काढले, वहीत लिहिले. मावशींच्या खांद्याची किंमत मात्र आमच्या वहीत कुठल्या रकान्यात लिहायची, ते आम्हाला समजलं नाही.

तुमच्याकडे मोटार नसेल. रिक्षा असेल, जीप असेल, टेंपोत सामाईक माल जात असेल, मोटारसायकलला खोकं असेल. तरी जड खाली, हलकं वर, मधे फट नाही आणि बांधल्याशिवाय गाडी हलवायची नाही, एवढं सगळीकडे लागू आहे. निघण्याआधी पेटीला दोन्ही हातांनी हलवून बघा. ती हलली, तर घाटातही हलणार.

या कामानंतर आमच्यात आणखी एक झालं. गाडीची डिकी म्हणजे पुरुषांचं काम, असं आम्हीच मानत होतो. आता टेप, गुण्या, करवत आमच्याकडेच असते. शेजारच्या गावातल्या गटाला दळणाच्या गाडीसाठी अशीच पेटी हवी आहे. त्यांना आम्ही पुठ्ठे गोळा करायला सांगितलंय.

आणि मावशी? खांदा बरा झाला. बाजाराच्या दिवशी पट्टे आवळायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलंय. त्या खटका ओढून "हं" म्हणाल्याशिवाय धाकटी गाडीला चावी लावत नाही.