सुटीतील उघडे दार

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात ग्रंथालय समितीच्या वतीने केलेले भाषण)



ग्रंथालय समितीचे निवेदन ऐकावयास संमेलनात सहसा कोणी फारसे उत्सुक नसते. हिशेब मंजूर झाला, गुणवंत विद्यार्थ्यांस बक्षिसे दिली गेली, की श्रोत्यांचे लक्ष भोजनगृहाच्या दिशेने वळते, आणि त्यात वावगे असे काही नाही. परंतु या वर्षी समितीस आपणापुढे एक मागणी मांडावयाची आहे. मागणे ते पंगत बसण्यापूर्वी मागावे, नंतर नव्हे, एवढा व्यवहार आम्ही अनुभवाने शिकलो आहोत. म्हणून आपली थोडी घटका घेतो.

आजपासून थोड्याच दिवसांत मार्गशीर्ष लागेल. मुंबईस थंडी ती कसली, असे देशावरची मंडळी आपणांस हिणवतात. तरीही हेमंत आणि शिशिर हे दोन ऋतू म्हणजे ग्रंथालयाच्या वर्षाचा खरा हंगाम होय. पावसाळ्यात पुस्तके दमट होतात, पाने चिकटतात, बांधणीच्या खळीला बुरशी येते आणि कसरीचे फावते. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली, की कपाटे रिकामी करून ग्रंथ बाहेर काढावयाचे, पुस्तक न् पुस्तक झटकून उभे करून सावलीत वाऱ्यावर ठेवावयाचे, आणि दाखल नोंदवहीशी ताडून पुन्हा जागेवर लावावयाचे, हा आमचा दरवर्षीचा क्रम. कडक उन्हात ग्रंथ ठेवू नयेत, कारण कागद पिवळा पडून कडकडीत होतो, हे नव्या स्वयंसेवकांस प्रथम सांगावे लागते. या कामी गेल्या वर्षी शाळकरी मुले आली. झटकता झटकता निम्मी पुस्तके त्यांनी तेथेच उघडून वाचली, त्यामुळे दोन दिवसांचे काम पाच दिवस चालले. समितीने याविषयी तक्रार केलेली नाही.

दुसरा उपक्रम दिवाळी अंकांचा. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी आपल्या ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाच्या फराळाबरोबर वाचनाचेही ताट येऊ लागले. आज इतके अंक निघतात, की एका कुटुंबाने ते सारे विकत घेणे अशक्य होय. म्हणून लहानमोठी ग्रंथालये थोडी जादा वर्गणी घेऊन कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत हे अंक सभासदांत फिरवितात. आपल्याकडेही प्रत्येक अंकास खाकी कागदाचे वेष्टन घालून व क्रमांक देऊन तो चार दिवसांच्या मुदतीने दिला जातो. ज्या घरी एरवी वर्षभर पुस्तक जात नाही, त्या घरीही या मिषाने ग्रंथालयाची पायरी चढली जाते. पुढे त्या पायरीवर पाय टिकतो की नाही, हे आमच्या अगत्यावर अवलंबून आहे.

तिसरा उपक्रम नाताळच्या सुटीतला. साने गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, म्हणजे सुटी लागते त्याच सुमाराचा. त्या दिवशी आम्ही मुलांच्या कथाकथनास आरंभ करतो, आणि ते नववर्षाच्या पहिल्या दिवसापर्यंत रोज सायंकाळी चालते. गोष्ट सांगावयास आजी-आजोबांनी यावे अशी आमची विनंती असते. प्रारंभी ते संकोच करतात, पण एकदा बसले म्हणजे त्यांस उठविणे कठीण जाते. याच आठवड्यात सकाळी मोडी वाचनाचा वर्ग भरतो. शाळांतून मोडी जाऊन पिढ्या लोटल्या. कित्येक घरी जमिनीचे, देवस्थानाचे, देण्याघेण्याचे जुने कागद पेटीत आहेत, पण ते वाचणारे घरात कोणी नाही. आपल्या पणजोबांचे हस्ताक्षर आपणांस अक्षर म्हणून ओळखता येऊ नये, ही केवळ हळहळ करण्याची गोष्ट नव्हे, शिकून घेण्याची आहे.

चौथा उपक्रम भगिनींनी काढलेला. मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालते. त्यात वाण म्हणून प्लास्टिकच्या डब्या लुटण्याऐवजी वाचून झालेले एकेक चांगले पुस्तक लुटावे, अशी सूचना महिला मंडळाकडून आली आणि गेल्या संक्रांतीस ती अमलात आली. तिळगुळाबरोबर मिळालेले पुस्तक वाचून पुढच्या घरी द्यावयाचे, एवढाच नियम. त्यातील काही पुस्तके अजून फिरत आहेत. आणि पाचवा उपक्रम अभ्यासिकेचा. शालान्त परीक्षेस बसणाऱ्या मुलामुलींसाठी पौष-माघात रात्री उशिरापर्यंत वाचनाची खोली उघडी ठेवावयाची, दिवे आणि पिण्याचे पाणी यांची सोय करावयाची, यापलीकडे त्यात काही नाही. पण दोन खोल्यांत सहासात माणसे राहतात अशा घरच्या मुलास विचारावे, म्हणजे हे ‘काही नाही’ किती मोठे असते ते कळेल.

येथवर आम्ही सांगितले ते आपणांस गोड वाटले असेल. आता कडू ते सांगतो.

गेल्या वर्षी नाताळच्या सुटीत आपल्या सभागृहात एक लग्न होते. सभागृहास लागून वाचनाची खोली आहे. प्रथेप्रमाणे ती वधूपक्षाकडे सोपविली गेली. कपाटांस कुलुपे लागली. टेबलांवर बॅगा आल्या आणि कपाटांसमोर बाके मांडून त्यांवर रुखवत सजविला गेला. दुपारी समितीचे आम्ही दोघे काही कागद नेण्यास तेथे गेलो, तेव्हा दहाबारा वर्षांचा एक मुलगा रुखवताच्या बाजूस टाचा उंचावून उभा होता. आम्हांस वाटले, अनारशांकडे पाहत असेल. परंतु तो काचेतून पुस्तकांच्या पाठीवरची नावे वाचीत होता. हा आचाऱ्याबरोबर आलेल्या एका बाईंचा मुलगा. शाळेला सुटी म्हणून आईने बरोबर आणला होता. त्याने आम्हांस विचारले, “यातलं एखादं आज इथंच बसून वाचलं तर चालेल का?”

आम्ही काय उत्तर दिले ते सांगावयास जीभ रेटत नाही, परंतु सांगणे प्राप्त आहे. आम्ही म्हणालो, “आज लग्न आहे, आज कपाट उघडत नाही.” तो “बरं” म्हणाला आणि गेला. त्याच्या पुढचा प्रश्न, आपण ज्ञातीतले नसताही चालेल का हा, त्याने विचारलाच नाही. विचारता, तर आमच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे त्याचेही उत्तर नकारार्थीच मिळाले असते. दोष कार्यमालकांचा नव्हता, त्यांनी रीतसर भाडे भरले होते. दोष आमचा होता.

त्या रात्री आम्हांस दुसऱ्या एका मुलाची आठवण झाली. गेल्या शतकाच्या प्रारंभी मुंबईत चर्नी रोडच्या बागेत शाळा सुटल्यावर एक विद्यार्थी पुस्तक घेऊन वाचत बसे. शिवचरित्रकार कृष्णराव अर्जुन केळुसकर त्या बागेत येत. त्यांचे त्या मुलाकडे लक्ष गेले. त्यांनी त्याची विचारपूस केली, त्यास पुस्तके वाचावयास दिली, आणि १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा अभिनंदनाच्या सभेत स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्यास भेट दिले. पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडून त्यास साहाय्य मिळवून देण्यातही केळुसकर गुरुजींचा हात होता. हा विद्यार्थी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ज्यास शाळकरी वयात वाचावयास बागेत बसावे लागले, त्याने पुढे दादरला घर बांधले ते ग्रंथांची जागा मनात धरून, हे आपण सर्व जाणता. आमच्या मनास लागले ते निराळेच. केळुसकर गुरुजींनी त्या मुलास हाक मारली. आम्ही आमच्या दारी आलेल्यास “आज नाही” म्हणालो.

ज्या सयाजीराव महाराजांचा आता उल्लेख केला, त्यांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास बडोद्यास आणून साऱ्या संस्थानात ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली. जेथे ग्रंथालय नव्हते अशा खेड्यांतून लाकडी पेट्यांत पुस्तके भरून पाठविली जात. त्या काळी राजाने पुस्तक माणसाच्या दारी पाठविले. आमच्या दारी माणूस पुस्तकाकडे चालत आला होता, आणि कुलूप आम्ही लावले होते. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतील पहिल्याच सूत्राचा आशय असा, की ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत. ग्रंथालय कोठे असावे आणि कोणत्या वेळी उघडे असावे, याचा विचारही त्यांनी याच सूत्राखाली केला आहे. लोकांस सवड असते तेव्हा जे बंद असते, ते ग्रंथालय नव्हे, कोठार होय. आणि आपल्या दारावरच्या पाटीत ‘सार्वजनिक’ हा शब्द आपल्याच पूर्वसूरींनी घातला आहे. युनेस्कोने १९४९ साली सार्वजनिक ग्रंथालयांविषयी जाहीरनामा काढला, आणि पुढे १९९४ व २०२२ च्या सुधारित जाहीरनाम्यांतही तत्त्व तेच राहिले, की अशा ग्रंथालयाची सेवा सर्वांस सारखी असावी. महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. एवढे सारे जगाने आणि सरकारने सांगितल्यावर पाटीवरचा शब्द खरा करणे तेवढे आपल्याकडे उरले आहे.

आता दुसरी बाजूही निष्पक्षपणे मांडली पाहिजे. आपले कोषाध्यक्ष म्हणतात, लग्नाचा हंगाम मार्गशीर्षात आणि माघ-फाल्गुनात. सभागृहास गिऱ्हाईक येते ते या लगतच्या खोलीमुळे. ती नसेल तर लोक दुसरे कार्यालय पाहतील. आणि या भाड्यातूनच आपला विद्यार्थी साहाय्यक निधी चालतो. म्हणजे एका मुलास पुस्तक द्यावयाचे, तर दुसऱ्याची फी अडणार. हा आक्षेप खोटा नाही, आणि आम्ही तो उडवून लावीत नाही. कोषाध्यक्षांनी ही गोष्ट कटुतेने नव्हे, काळजीने सांगितली, याचीही आम्ही कृतज्ञतेने नोंद करतो.

कार्यकारी मंडळाने पुष्कळ चर्चेनंतर यंदाच्या हिवाळ्यापुरता एक प्रयोग मान्य केला आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत वाचनाची खोली कोणत्याही कार्यास दिली जाणार नाही. सुटीच्या दिवशी ती सकाळपासून रात्रीपर्यंत उघडी राहील. तेथे बसून वाचावयास ज्ञात, वर्गणी, ओळख यांपैकी काहीही विचारले जाणार नाही. पुस्तक घरी नेण्यास मात्र नाव-पत्ता आणि अल्प अनामत लागेल, आणि तीही सर्वांस सारखीच. होळीनंतर सर्वसाधारण सभा जमाखर्च पाहून हा नियम कायम करावयाचा की मोडावयाचा, ते ठरवील.

म्हणून आमची मागणी. आपल्यापैकी ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे, त्यांनी सभागृह अवश्य घ्यावे, पण खोलीचा आग्रह धरू नये. वधूपक्षासाठी वरच्या मजल्यावरील कार्यालयाची जागा आम्ही मोकळी करून देऊ, आमची टेबले जिन्यात ठेवू. आणि ज्यांच्या घरी कार्य नाही, त्यांनीही वर्षातून एकदा लग्नाच्या पंगतीतील एका पानाचा खर्च ग्रंथालयास द्यावा. पंगतीतले पान एकदा वाढले की उष्टे होते. पुस्तकाचे पान कितीही जणांनी वाचले तरी उष्टे होत नाही. असे एकेक पान प्रत्येक घराने दिले, तर बुडालेले भाडे बहुतांशी भरून निघेल आणि निधीस धक्का लागणार नाही, असा आमचा अदमास आहे. अदमास चुकला, तर होळीच्या सभेत आम्ही तसे उभे राहून सांगू.

आम्हांस कोणी विचारतील, हल्ली मुलांच्या हाती मोबाईल आहे, ती कशाला येतील? त्यांनी एकदा सुटीच्या सायंकाळी येऊन पाहावे. जेथे गोष्ट सांगणारे माणूस समोर बसलेले आहे आणि आपले नाव घेऊन कोणी विचारते आहे, तेथे मुले येतात. येत नसतील, तर दोष बहुधा दाराचा असतो.

तो मुलगा पुन्हा आला काय, हे जाणण्याची आपणांस उत्सुकता असेल. तो आलेला नाही. त्याचे नाव आम्ही विचारले नव्हते. त्या आचारी मंडळींकडे चौकशी केली, परंतु त्या बाई आता त्यांच्याकडे कामास नाहीत, एवढेच कळले. तेव्हा त्यास बोलावणे धाडता येत नाही. पुढचा कोणी त्याच्याप्रमाणे टाचा उंचावून उभा राहील, तेव्हा कपाट उघडे असावे, एवढेच आता आपल्या हाती आहे.

वर्गणीची वही दाराशी ठेवली आहे. पंगत बसावयास अद्याप थोडा अवकाश आहे.