राहत्या मोटारीतून ताडोब्यास

(मंडळाच्या द्वारका, नाशिक येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांनी ‘प्रवासाविषयी चार शब्द बोला’ असा निरोप मजकडे धाडला, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. या व्यासपीठावरून गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार व्हावयाचे, शिष्यवृत्ती निधीचा हिशेब वाचून दाखवावयाचा. तेथे सहलीच्या गोष्टी सांगणे मला काहीसे थिल्लर वाटले. परंतु गेले चार महिने आमच्या घरात दुसरा विषय नाही. शिवाय या विषयाचा एक धागा असा आहे, की तो आपल्यापैकी पुष्कळांच्या घरापर्यंत पोहोचतो. म्हणून उभा राहिलो आहे.

माझ्या आईस यंदा चौऱ्याऐंशी पुरी होतील. १९६१ साली लग्न होऊन ती चंद्रपुरास गेली. त्या गावास तेव्हा चांदा म्हणत. वडील तेथे पोस्टात होते. ताडोब्याचे तळे तेथून काही फार दूर नव्हे. ‘पुढल्या उन्हाळ्यात जाऊ’ असे वडील दरसाल म्हणत आणि दरसाल काहीतरी आडवे येई. कधी बाळंतपण, कधी बदलीची हूल. शेवटी १९६७ साली बदली खरोखरच आली आणि बिऱ्हाड नाशकास हलले. वडील आज हयात नाहीत. गेल्या दिवाळीत माझ्या मुलाने वाघांची चित्रे दाखविली, तेव्हा आई सहज म्हणून गेली, “वाघ राहू दे, ते तळे तेवढे पाहावयाचे राहिले.”

आता आईस सातशे किलोमीटर न्यावयाचे कसे? गेल्या नऊ वर्षांत ती त्र्यंबकेश्वरापलीकडे गेलेली नाही. गुडघे दुखतात हे कारण ती सर्वांना सांगते. खरे कारण आमच्या सौभाग्यवतीने मला सांगितले. तिला दर तासा-दीड तासाने उठावे लागते, आणि हमरस्त्यावरील खाणावळींच्या मागची ती जागा, तिच्या पायऱ्या, तिची घाण या सर्वांची तिने धास्ती घेतली आहे. त्र्यंबकास जावयाचे असले तरी आदल्या सायंकाळपासून ती पाणी पिणे बंद करते. मी साठी ओलांडलेला मुलगा. मला हे ठाऊक नव्हते. सभागृहातील बंधूंनी आज घरी गेल्यावर आपापल्या घरी जरा विचारून पाहावे. उत्तर ऐकून आपणही माझ्यासारखेच ओशाळाल, अशी मला भीती वाटते.

येथूनच राहत्या मोटारीची गोष्ट सुरू झाली. हिला हल्ली कॅरव्हॅन म्हणतात. मोटारीतच निजावयाची बाके, लहानशी मोरी, शौचकूप, ओटा आणि पाण्याची टाकी. ही काही साहेबांच्या देशातून आलेली अद्भुत वस्तू आहे असे मानण्याचे कारण नाही. आमचे आजोबा पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेस दमणी जुंपून जात. आत कडब्यावर वाकळ अंथरलेली, मागे पिठाचा डबा, खाली कंदील टांगलेला. आपल्याकडे जे होते ते मध्यंतरी सुटले, एवढेच. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून अशा गाड्या भाड्याने मिळू लागल्या आहेत. तरी अद्याप त्या थोड्या आहेत आणि आम्हास मिळालेले दर साध्या मोठ्या मोटारीच्या दुपटीहून अधिक होते.

मुलाने बेत मांडताच घरात पहिली हरकत निघाली ती सौभाग्यवतीची. ती म्हणाली, “स्वयंपाकघर बरोबर घेऊन जावयाचे, तर सुटी कोणाची?” या प्रश्नावर पुरुषमंडळी निरुत्तर झाली, आणि व्हावयासच हवी होती. शेवटी असे ठरले की गाडीत फक्त चहा, आईची पेज आणि दूध तापविणे एवढेच. जेवण वाटेत किंवा मुक्कामी विकत. आणि चहाची भांडी मी घासावयाची. हे ठरल्यावरच पुढील बोलणी झाली.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी नोंदणीची गाडी भाड्याने देता येत नाही. तशी घेतली आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. आम्हास पहिली मिळाली ती गाडी अशीच निघाली. स्वस्त होती, पण सोडून दिली. चालविण्याच्या परवान्याविषयी मात्र पूर्वीइतकी चिंता उरलेली नाही. साडेसात हजार किलो एकूण वजनापर्यंतची गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालविता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे. तथापि परवाना असणे वेगळे आणि सवय असणे वेगळे. गाडीची उंची तीन मीटरच्या आसपास. खेडेगावातील लोंबत्या तारा, वडाच्या फांद्या, रेल्वेखालचे बोगदे यांचा अंदाज आपल्या रोजच्या मोटारीवरून येत नाही. आम्ही अनुभवी चालक घेतला आहे.

आता हिशेब. पाण्याची टाकी सव्वाशे लिटरची आणि आम्ही माणसे सहा. प्रत्येकाने एक बादली स्नान केले तर एका सकाळी नव्वद लिटर गेले. म्हणून स्नान मुक्कामाच्या जागी, आणि टाकीचे पाणी हातपाय व शौचकूप यांपुरतेच. विजेचे तसेच. गाडीतील बॅटरी बारा व्होल्टची, दोनशे अँपिअर-तासांची. म्हणजे पुरती भरलेली असता सुमारे अडीच युनिट वीज. लहान वातानुकूल यंत्र तासाला एक युनिटच्या आसपास खाते. रात्रभर गारव्यात निजू असे स्वप्न पाहणाऱ्यास मध्यरात्रीच घाम फुटावयाचा. ज्या आवारात सोळा अँपिअरची जोडणी मिळेल तेथेच रात्र काढावी. शेगडीचा सिलिंडर चालत्या गाडीत बंद असावा, हे सांगावयास नकोच, तरी सांगतो.

सर्वांत अवघड प्रश्न शौचाच्या टाकीचा. दोन-तीन दिवसांत ती भरते. ‘रिकामी कोठे करावयाची?’ असे मी एका गाडीवाल्यास विचारले, तर तो हसून म्हणाला, “काका, रस्त्याकडेला नाला बघायचा न् सोडून द्यायचं.” सभ्य गृहस्थहो, मोहर्लीच्या बाजूस इरई धरणाचे पाणी आहे आणि ते पाणी चंद्रपूर शहर पिते. ज्या गावचे पाणी माझी आई सहा वर्षे प्यायली, त्या गावास अशी परतफेड करावयाची काय? आम्ही मुक्कामाच्या दोन्ही ठिकाणी आधी बोलणे करून त्यांच्या सेप्टिक टाकीत ती सोडण्याची परवानगी मिळविली आणि मगच जागा नक्की केली. तिसरी एक जागा फार सुंदर होती. त्यांनी नकार दिला, म्हणून ती सुटली.

मार्ग असा. पहाटे पाचला द्वारका सोडावयाची. आपला चौक सकाळी आठनंतर काय होतो हे येथे कोणास सांगावे? पुणे रस्त्याने सिन्नर, तेथून गोंदे येथे समृद्धी महामार्ग. हा मुंबई-नागपूर रस्ता ७०१ किलोमीटरचा. नागपूर ते शिर्डी हा भाग डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि शेवटचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा जून २०२५ मध्ये. रस्ता उत्तम आहे आणि त्याचा उत्तमपणा हाच त्याचा धोका. सरळ पट्टा, ना वळण ना गाव, चालकाच्या डोळ्यांवर झापड येते. सिमेंटच्या रस्त्यावर टायर तापतात. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ जीव गेले, ते आपण विसरलेले नाही. म्हणून आमचा नियम असा की सूर्यास्तानंतर चाक फिरवावयाचे नाही. वेग ऐंशीच्या वर नाही. दर दोन तासांनी थांबा, आणि तोही नेमलेल्या विसाव्याच्या जागीच. कडेला गाडी लावून चहा उकळावयाचा नाही. आईस मात्र थांब्याची वाट पाहावी लागू नये, आणि तिने पोटभर पाणी प्यावे, यासाठीच तर हा सारा खटाटोप.

पहिला मुक्काम वर्ध्यास. सुमारे साडेपाचशे किलोमीटर होतात. अधिक एका दिवसात करू नयेत. दुसऱ्या सकाळी सेवाग्राम पाहून हिंगणघाट, जांब, वरोरा. वरोऱ्यास बाबा आमटे यांचे आनंदवन आहे, तेथे दोन तास. मग भद्रावतीवरून मोहर्ली. घाई केली तर हे सर्व एका रात्रीत उरकता येते आणि तसे करणारे पुष्कळ आहेत. ते मोहर्लीस पोहोचतात आणि जीपगाडीत पेंगतात.

कारण आपली राहती मोटार अभयारण्याच्या दारापर्यंतच. आत खासगी वाहनास प्रवेश नाही. वन खात्याकडे नोंदलेल्या उघड्या जिप्सी गाडीतून, सोबत मार्गदर्शक घेऊन जावे लागते. एका गाडीत सहा प्रवासी. सकाळची आणि दुपारची अशा दोन फेऱ्या असतात. आरक्षण खात्याच्या संकेतस्थळावर आधीच करावे लागते, सुटीच्या दिवसांचे तर कित्येक आठवडे आधी, आणि ज्याचे नाव त्याचेच ओळखपत्र दारावर पाहतात. मंगळवारी वन बंद. पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर गाभा क्षेत्र बंद. मोबाईल आत नेता येत नाही. तरुण मंडळींस हे जड जाईल, मला तर ती सोय वाटली. गाडीचे भाडे ठरवून, रजा काढून, मंगळवारी दारात जाऊन उभे राहिलेले एक कुटुंब माझ्या परिचयाचे आहे. म्हणून आधी जंगलाचे आरक्षण, मग मुक्कामाची जागा आणि सर्वांत शेवटी मोटार, असा क्रम धरावा. आम्ही आरंभी नेमके उलटे केले आणि एक तारीख वाया घालविली.

महिना कोणता? वाघ पाहावयाचा तर एप्रिल-मे, असे जाणकार म्हणतात. पाणवठे आटतात आणि जनावरे उरलेल्या पाण्यावर येतात. पण त्या दिवसांत चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या पलीकडे जातो. पत्र्याच्या खोक्यात म्हातारे माणूस ठेवणे म्हणजे अपराधच. आम्ही फेब्रुवारी धरला आहे. उन्हाळ्याविषयी आणखी एक सांगावयाचे आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले आणि मे महिन्यात तेंदूपाने वेचावयास तेथील गावकरी भल्या पहाटे रानात शिरतात. दरवर्षी त्यांच्यातील काही माणसे वाघाच्या हल्ल्यात मरतात, आणि पाने वेचणाऱ्यांत बाया अधिक असतात. आपण ज्याच्या दर्शनासाठी पैसे मोजतो, त्याचे नाव निघताच त्यांच्या पोटात गोळा उठतो. तेव्हा बफर क्षेत्रातील गावात रस्त्याकडेला गाडी उभी करून तेथेच निजण्याची हौस कोणी करू नये. उरलेले अन्न बाहेर टाकू नये. भिंतीचे आवार, परवानगी आणि दिवा, एवढे असेल तेथेच रात्र. मोहर्लीस पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आहे, वन विकास महामंडळाचेही आहे. चौकशी प्रथम तेथे करावी.

ताडोबा हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. १९५५ साली ते स्थापन झाले, तेव्हा चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता. पुढल्या वर्षी तो आपल्याकडे आला. शिकारबंदी त्याहून जुनी, १९३५ ची. अंधारी अभयारण्य १९८६ साली झाले आणि दोन्ही मिळून १९९५ साली व्याघ्र प्रकल्प. नाव मात्र या सर्वांहून जुने. तारू नावाचा गोंड गावप्रमुख वाघाशी झुंजताना पडला आणि देव झाला, असे तेथील लोक सांगतात; तळ्याच्या काठी झाडाखाली त्याचे ठाणे आहे आणि पौषात आदिवासी तेथे यात्रेस जात आले आहेत. म्हणजे आमच्या आजोबांची दमणी त्र्यंबकाकडे निघे, त्याच महिन्यात तिकडे गोंड बांधव तारूकडे निघत. हे वाचले तेव्हा मला फार बरे वाटले.

राहिली आईच्या गुडघ्यांची गोष्ट. जिप्सी उंच असते आणि हाडे खिळखिळी करते. डॉक्टरांनी एकच फेरी, कमरेस पट्टा, आणि बाक मधले, अशी परवानगी दिली आहे; सकाळची थंडी नको म्हणून दुपारची फेरी. काही तास उघड्या गाडीत बसावे लागेल आणि आत शौचकूप असलेली आपली मोटार दाराबाहेर उभी असेल. ज्या अडचणीसाठी एवढा खर्च मांडला, ती नेमकी त्या तासांत पुन्हा उभी राहते. मी हे आईस लपविले नाही. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “तेवढे तास मी बघते. जाण्यायेण्याचे तुम्ही बघा.”

आरक्षण झाले आहे. गाडीत सव्वाशे लिटरची टाकी आहे असे चारदा सांगूनही तिने वडिलांचा तांब्याचा तांब्या घासून ठेवला आहे. तळ्याचे पाणी आणता येणार नाही, वनातून काहीही आणू देत नाहीत, हेही सांगितले. “आणावयाचे कोणी म्हटले?” असे म्हणाली आणि तांब्या पिशवीत घातला.

ज्यांना आमची यादी हवी असेल त्यांनी चहाच्या वेळी मला भेटावे. मुलाने प्रती काढून आणल्या आहेत.