संस्थेचे अक्षर



संस्थेच्या नावाने जे जे कागद बाहेर पडतात त्यांवरील अक्षराचे वळण एकसारखे असावे, एवढाच माझा आजचा विषय आहे. शिक्षणाच्या सभेत हा विषय कशाला, असे कोणास वाटेल. त्यांनी घरचे कपाट उघडून पाहावे. शाळा सोडल्याचा दाखला, फीची पावती, बक्षीस समारंभाची पत्रिका आणि रमजानमध्ये दिलेल्या देणगीची पावती असे चार कागद शेजारी-शेजारी ठेवावेत. अनेक संस्थांच्या बाबतीत असे दिसेल की, चार कागदांवर अक्षरांची चार वळणे आहेत. कोठे 'एज्युकेशन', कोठे 'एज्यूकेशन', तर कोठे नुसते 'ए. सोसायटी'. कागद एकाच घरचे आहेत हे अनोळखी माणसाने ओळखावे तरी कसे?

यात केवळ शोभेचा प्रश्न नाही. देणगी देणारा माणूस पावतीवर विश्वास ठेवून पैसे देतो. खऱ्या पावतीचे रूप दरवर्षी बदलत गेले, तर खोटी पावती ओळखण्याचे साधनच उरत नाही. धर्मादाय आयुक्तांकडे ज्या नावाने नोंदणी झाली, तेच नाव त्याच शुद्धलेखनाने प्रत्येक कागदावर असले पाहिजे. अक्षराचा विचार त्यानंतरचा.

आपल्या खिशातील नोट पाहा. रोह्याशी ज्यांचे जवळचे नाते होते ते चिंतामणराव देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि त्यांची सही नोटांवर आली. त्यानंतर गव्हर्नर बदलले, सह्या बदलल्या, नोटांचे रंगही बदलले. पण एका मालिकेतील प्रत्येक नोटेवर अक्षर, आकार आणि जागा ठरलेली असते. आजच्या नोटेच्या मागील बाजूस भाषांच्या पट्टीत पंधरा भाषा आहेत. त्यांत मराठी आहे, उर्दूही आहे. प्रत्येक लिपी आपल्या वळणाने, पण एकाच शिस्तीत उभी आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेने एडवर्ड जॉन्स्टन ह्या सुलेखनकाराकडून खास अक्षर करवून घेतले आणि ते १९१६ पासून वापरात आले. शंभर वर्षांनंतरही त्याच अक्षराच्या वंशातील अक्षर तेथील पाट्यांवर आहे.

आपल्याकडेही ही परंपरा आहे. जावजी दादाजी यांनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, आणि त्यांच्या देवनागरी टाइपाच्या सुबकपणामुळे पान पाहताच छापखाना ओळखू येई. उर्दूची गोष्ट वेगळी. नस्तालिक लिपी तिरकस उतरते, त्यामुळे ती खिळ्यांत बसेना. म्हणून उर्दू वृत्तपत्रे दीर्घकाळ कातिबांच्या हाताने लिहिली जात. मिर्झा अहमद जमील यांच्या लेखणीतून 'नूरी नस्तालिक' तयार झाले आणि १९८१ साली लाहोरच्या 'जंग'ने ते वापरले, तेव्हा कोठे नस्तालिक यंत्रावर आले.

आता आपल्यासारख्या संस्थेची खरी अडचण सांगतो. आपल्याला तीन लिप्या सांभाळायच्या आहेत : मराठी, उर्दू आणि इंग्रजी. फलक रंगवताना बहुधा इंग्रजी मोठे, मराठी मध्यम आणि उर्दू जागा उरेल तेवढी, असा प्रकार होतो. तिन्ही लिप्यांना सारखाच पॉइंट दिला म्हणजे न्याय झाला, असेही नाही. नस्तालिकला उंची अधिक लागते. त्याच मापात ते बारीक दिसते. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, म्हणून दोन ओळींत अंतर जास्त ठेवावे लागते. डोळ्यांना तिन्ही ओळी समान वाटतील असे माप ठरवावे. जो मुलगा उर्दू माध्यमात शिकतो, त्याने शाळेच्या फाटकावर आपली भाषा कोपऱ्यात दाबलेली रोज पाहावी, हे बरे नव्हे.

संगणकाचाही मुद्दा आहे. जुने फॉन्ट इंग्रजी कळांच्या जागी मराठी अक्षरे बसवून केलेले होते. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर आपले पत्र उघडले की, मराठीऐवजी निरर्थक इंग्रजी चिन्हे दिसतात. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. फॉन्ट बदलला तरी मजकूर मराठीच राहतो. म्हणून निवड युनिकोड फॉन्टांतूनच करावी. मुंबईच्या 'एक टाइप' ह्या गटाने केलेल्या 'मुक्ता' फॉन्टात देवनागरी आणि रोमन दोन्ही अक्षरे आहेत. उर्दूसाठी 'नोटो नस्तालिक उर्दू' आहे. दोन्ही विनामूल्य आहेत आणि छपाईस वापरण्यास मोकळीक आहे. मात्र छापण्यापूर्वी 'श' आणि 'ल' ही अक्षरे तपासावीत. देठयुक्त श आणि पाकळीयुक्त ल हे मराठी वळण असून राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानेही तेच मान्य केले आहे.

नियम थोडे असावेत, म्हणजे पाळले जातील. प्रत्येक लिपीसाठी एकच फॉन्ट. मथळ्यासाठी त्याचेच ठळक रूप. देवनागरीची अक्षरे सुटी करून ताणू नयेत, शिरोरेषा तुटते. नस्तालिकची अक्षरेही ओढून रुंद करू नयेत. इंग्रजीसारखे तिरपे मराठी छापू नये. सजावटीची अक्षरे मुलांच्या हस्तलिखितासाठी आणि भित्तिपत्रकासाठी राखून ठेवावीत. दाखल्यावर ती नकोत. अंक मराठी मजकुरात देवनागरी असतील, तर सर्वत्र देवनागरीच असावेत.

हे सर्व एका पानावर उतरवावे. त्यावर संस्थेचे नाव तिन्ही लिप्यांत, फॉन्टांची नावे, मापे आणि शाईचा रंग असावा. ते पान छापखानदाराकडे, फलक रंगवणाऱ्याकडे आणि प्रत्येक शाखेच्या लिपिकाकडे द्यावे. संस्थेतील एका व्यक्तीने प्रत्येक कागद छपाईपूर्वी त्या पानाशी ताडून पाहावा. छापून ठेवलेल्या पावत्या फेकून देण्याचे कारण नाही; त्या संपतील तेव्हा नव्या पद्धतीने छापाव्यात. म्हणजे खर्चही वेगळा पडणार नाही.

आपण मुलांना अक्षर सुधारा म्हणून रोज सांगतो. मग त्यांच्या हाती पडणारा संस्थेचा कागदही त्या उपदेशाला शोभेल असा असावा. मुलगा कुंडलिकेचा पूल ओलांडून रोह्यात, तेथून पुढे मुंबईला किंवा आखातात जाईल. तेथे त्याच्या दाखल्याकडे पाहणारा अधिकारी आपल्याला ओळखत नसेल; त्याच्यापुढे आपली ओळख तो कागदच सांगेल. नव्या शैक्षणिक वर्षाच्या छपाईपूर्वी हे एक पान तयार व्हावे, एवढी विनंती आहे.